भागवतचा शब्द

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

चि. सॅमसन यास,
आक्काचा प्रभूमध्ये सलाम.

तुला फोन लावला की नेहमी व्यस्त. सकाळी व्यस्त, दुपारी व्यस्त. इतका व्यस्त जिल्ह्याचा कलेक्टरसुद्धा नसेल. शेवटी जास्मिनने माझा मोबाईल हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "आई, मामाने तुला ब्लॉक केलंय." मग मी पोस्टात जाऊन पाकिटं आणली. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

तू कर्जतला तुझ्या दोस्ताकडे, भागवतकडे आहेस हे मला कसं कळलं, याचा तुला संशय येईल, म्हणून आधीच सांगते. कुणी चुगली केलेली नाही. नगरच्या दवाखान्यातून सुटून तू घरी येशील म्हणून मी तुझी खोली झाडून, पलंगावर नवी चादर घालून ठेवली होती, आणि तू स्टँडवरून कुठे गेलास त्याचा पत्ता नाही. तुझे दाजी कारखान्यातून रजा टाकून माझ्याबरोबर सगळे एसटी स्टँड पालथे घालत होते. भागवतलाही विचारलं. "न्हाई ताई, हिकडं न्हाई आला," म्हणाला. आणि त्याच आठवड्यात त्याने आपल्या मांडव-लाईटिंगच्या कामाचा फोटो स्टेटसला ठेवला. मागे शिडीवर चढून कुणीतरी माळा बांधत होतं, पाठमोरं. तुझी पाठ मी ओळखणार नाही का? मी तेव्हा चौथीच्या वर्गावर होते, तशीच खाली बसले. पोरं म्हणाली, "बाई, चक्कर आली का?" खोटं बोलणं त्या भागवतच्या बापजन्मी जमायचं नाही.

तू माझ्यावर रागावला आहेस. बोलायचं नाही, भेटायचं नाही, ठीक आहे. पण डॉक्टरीण बाई म्हणाल्या की आजार एवढा चढलेला असताना काय काय झालं ते माणसाला पुढे नीट आठवत नाही, दुसऱ्यांनी सांगितलेलंच आठवण म्हणून राहतं. तुला ते कुणी सांगितलं असेल आणि कसं, देव जाणे. म्हणून माझ्या बाजूने एकदा सांगते.

ऑगस्टात तुझी कीर्तनं फार रंगायला लागली होती. खरंच सांगते, इतकं सुंदर कीर्तन आपल्या चर्चच्या मंडळीत कधी कुणी केलं नसेल. मी स्वतः बायकांच्या बाजूला बसून रडले आहे. पण तू झोपत नव्हतास, सॅमसन. जेवण ताटात सोडून उठायचास. फ्रिज मंडळीतल्या गोजरबाईला देऊन टाकलास, शिलाईचं मशीन तिच्या सुनेला. मी पाळकसाहेबांना जाऊन म्हटलं, याला डॉक्टरकडे नेऊ या. ते म्हणाले, "मरियाबाई, हे आत्म्याचं काम आहे. त्यात आडवं येऊ नका." सगळ्या मंडळीला तेच वाटत होतं. ज्याला झोप लागत नाही तो प्रार्थना करतोय, जो सगळं वाटून टाकतोय त्याला देवाने मोकळं केलंय. माझं कोण ऐकणार?

मला ते आधी कळलं, कारण मी आईला तसं बघितलं होतं. तू तेव्हा अंगावर पीत होतास. आईही अशीच गात सुटली होती, आणि मग आजोबांनी तिला गोठ्यात खांबाला बांधून ठेवलं. ना डॉक्टर, ना कायदा, ना कुणी विचारणारं. मी तिला ताटली नेऊन द्यायचे आणि ती मला ओळखायची नाही. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

उज्जीवन सभेच्या शेवटच्या दिवशी तू पाण्यावरून चालणाऱ्या शिष्याचं आख्यान लावलंस. मधेच चौथऱ्यावरून उतरलास, हातात झांजा, आणि सरळ नदीच्या वाटेला लागलास. मंडळी गात गात मागे. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, प्रवरा घाटाच्या वरच्या पायरीला लागलेली. अर्ध्या लोकांना वाटलं तू प्रार्थनेला नेतोयस. उरलेल्या अर्ध्यांना वाटलं तू खरंच चालशील. मला या दुसऱ्या अर्ध्यांची जास्त भीती वाटली. तू कमरेइतक्या पाण्यात होतास, दाजींनी तुला मागून धरलं होतं, आणि लोक त्यांना म्हणत होते, सोडा, सोडा त्याला. तेव्हा मी ११२ लावला.

पोलीस आले. त्यातल्या एकाने तुझाच फेटा घेऊन तुझे हात बांधले, सगळ्या मंडळीदेखत. ते चूकच होतं आणि मी ते त्याला तिथेच सुनावलं. दिपाली म्हणून ती कॉन्स्टेबल होती, तिने जीपमध्ये बसल्याबरोबर गाठ सोडली आणि फेटा घडी करून तुझ्या मांडीवर ठेवला. ती मला म्हणाली, "ताई, आमी अटक न्हाई केली. जिवाला धोका हाय म्हणून ताब्यात घेतलंय, डॉक्टरपुढं नेनार." जास्मिनने नंतर मोबाईलवर तो मानसिक आरोग्याचा कायदा काढून दिला, मी वाचला. तसंच आहे. अशा माणसाला कोठडीत ठेवायचं नाही, गुन्हेगारासारखं वागवायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. पुढे तुला ठेवून घ्यायचं ठरलं तेव्हा कुणीतरी प्रतिनिधी लागतो. तू कुणाला नेमलेलं नव्हतंस, म्हणून जवळची नातेवाईक म्हणून माझी सही घेतली.

माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन.

दवाखान्यात मला भेटायला येणं जमलं नाही. शाळेत चाचणी परीक्षा होत्या, वर मतदार याद्यांचं काम. तू काही मनात आणू नकोस.

गोळ्या घेत जा. गोळ्यांचं प्रमाण बघायला रक्त तपासायला सांगितलंय ते चुकवू नकोस. आणि घरी ये. न बोलता ये पाहिजे तर. दाजी म्हणतात, "त्याला सांग, मी पण कुठं बोलतो, जोडीला बसू."

तुझी
आक्का


रविवार, २२ डिसेंबर २०२४

चि. सॅमसन यास, सलाम.

पत्राचं उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं. मी एवढ्यावर खूश आहे, बघ माझी काय अवस्था केलीस.

नाताळच्या करंज्या, शंकरपाळ्या आणि तुझा निळा स्वेटर डब्यात भरून पाठवते आहे. भागवतचा टेम्पो नगरला लाईटिंगचं सामान न्यायला येणार आहे, त्याच्याकडे देते. करंज्या त्यालाही दे. त्याच्या बायकोला सांग, यात अंडं नाही.

काल कॅरलवाले आले होते. पेटीवर पाळकसाहेबांचा पुतण्या बसला होता. त्याची पट्टी एक आणि पोरींची पट्टी एक. तुझे दाजी दारात उभे राहून ऐकत होते, मग आत येऊन म्हणाले, "सॅमसन असता तर यांच्या टाळक्यात झांजा घातल्या असत्या." आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच माठातलं पाणी पीत उभे राहिले.

मंडळीत माझं काय चाललंय ते कुणी ना कुणी तुला सांगेलच, म्हणून मीच सांगते. काही लोक अजून म्हणतात की मरियाने फोन केला नसता तर त्या दिवशी चमत्कार झाला असता. माझं नाव आता चमत्कार अडवणारी बाई. मी कीर्तनाला बसले की माझ्या शेजारची जागा रिकामी राहते. गोजरबाई तेवढी येऊन टेकते. तिने तुझा फ्रिज परत आणला, हातगाडीवर घालून, आतले बर्फाचे ट्रे घासूनपुसून. "आजारात दिलेलं ठिवून घेऊ नव्हं," म्हणाली. पाळकसाहेबही एकदा घरी येऊन गेले. कपबशी हातात फिरवत म्हणाले की त्यांना ओळखता आलं नाही. मी काय बोलणार? त्यांना त्या दिवशी घाटावर मी फार टाकून बोलले होते.

हे सगळं तू बरा आहेस म्हणून सोसतं. तू गोळ्या घेतोयस ना? एवढं एक अक्षर लिही. नुसतं "हो" लिहिलंस तरी चालेल.

नाताळच्या सकाळी उपासनेहून आले की मी ताट वाढून ठेवणार आहे. दरवर्षीचं आहे ते, तुझ्यासाठी म्हणून मुद्दाम काही नाही.

आक्का


रविवार, २ फेब्रुवारी २०२५

सॅमसन,

परवा भागवत आला होता. डबा परत द्यायला आलोय म्हणाला, पण डब्यासाठी कुणी कर्जतहून एवढं लांब येत नाही. आधी दाजींशी टेम्पोच्या इंजिनावर बोलला, मग पावसावर, मग टोपी काढून हातात धरली.

"ताई, एक सांगायचं हुतं. त्यानं मला नेमलंय."

मला आधी कळेना. मग म्हणाला, दवाखान्यातल्या समाजसेविका बाईंनी तुला सुटताना समजावलं होतं की पुढच्या आजारपणात आपल्या वतीने कोण ठरवणार हे माणूस स्वतः लिहून ठेवू शकतो. तू लिहिलंस. प्रतिनिधी भागवत. बहीण नको.

"लई इचार करून लिव्हलंय त्यानं," भागवत म्हणाला. "तुमी वाईट वाटून घिऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका म्हणे! तू आठ महिन्यांचा असल्यापासून मी तुला काखेत मारून शाळेत जात होते, गुरुजींनी तुझ्यासाठी वर्गात गोणपाट टाकलं होतं. आता तुला काही झालं तर डॉक्टर मला दाराबाहेर उभं करून विचारणार, तुम्ही कोण? मी भागवतसमोर रडले नाही. तो गेल्यावर पिठाच्या डब्यात तोंड घालून रडले, पुरे का?

पण नंतर शांतपणे विचार केला. तुझा हक्क आहे तो. आणि आईला असं कुणाला नेमता आलं असतं तर तिने आजोबांना नक्कीच नेमलं नसतं. भागवत चांगला माणूस आहे. आयटीआयला असताना तू तापाने फणफणला होतास तेव्हा तो तुला पाठीवर घेऊन जिना उतरला होता, हे मी विसरलेले नाही. कुणीतरी नेमलंस हे चांगलंच झालं. मला त्यावर काही म्हणायचं नाही.

म्हणायचं आहे ते दुसऱ्या गोष्टीवर. तू त्याच्याकडून शब्द घेतलास की काहीही झालं तरी पोलिसांना बोलवायचं नाही आणि तुला दवाखान्यात न्यायचं नाही. जेवताना घेतलास, त्याला भाकरीवर हात ठेवायला लावून. भागवतसारख्या माणसाला भाकरीची शपथ म्हणजे काय असते, हे तुला माहीत होतं म्हणूनच घातलीस. मला सांगताना तो हाताकडेच बघत होता. "आता म्या बांधलो गेलो, ताई. त्यो म्हनला, तू बी तसं केलंस तर मला ह्या जगात कोनच न्हाई, मी निघून जाईन."

प्रतिनिधी त्यालाच ठेव. पण तो शब्द त्याला परत दे, सॅमसन. तू त्याला तुझ्या वतीने ठरवायला नेमलंस आणि त्याचे हातच बांधून टाकलेस. हे तुझ्या बाबतीत कुणी केलं तेव्हा तुला किती लागलं ते आठव.

मी घरी ये म्हणणार नाही आता. एवढं कर.

आक्का


रविवार, २७ एप्रिल २०२५

माझ्या सॅम्या,

तुझं कार्ड आलं! पोस्टमन गेटातून ओरडला, "बाई, कर्जतचं हाय," आणि मी हातातला झाडू तसाच घेऊन पळाले. जास्मिनने ते फ्रिजला चुंबकाने लावलं होतं, मी काढून पर्समध्ये ठेवलं. शाळेत मधल्या सुट्टीत वाचते. तीन ओळी वाचायला एवढा वेळ लागतो का, असं शेजारच्या बाई विचारतात.

"आक्का, पत्रं येऊ देत. जास्मिनच्या लग्नाला मी येतो. भागवतला काही बोलू नकोस."

नाही बोलत. काही म्हणून बोलत नाही. तू येतोस एवढंच मी वाचलं, बाकीचं मला दिसलंच नाही. लग्न डिसेंबरात, नाताळ झाल्यावर. मुलगा नगरच्या एमआयडीसीत आहे, घरचे साधे लोक आहेत. हळदीला मामा लागतो आणि मामा नाही तर हळद नाही, असं जास्मिनने त्यांना आधीच ठणकावून सांगितलं होतं. तू आलास की आपण नदीचं बोलायचं नाही, दवाखान्याचं नाही, मंडळीचं नाही. पेटीची पट्टी लावून दे, पोरींना झाप, आणि मटण कसं झालंय ते सांग.

दाजींनी तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला. अजून आठ महिने आहेत म्हटलं तर म्हणाले, "असू दे, फिरत राहील."

भागवतशी फोनवर बोलले, कार्डाबद्दल काही नाही, सहज. म्हणाला, तू हल्ली फार झोपतोस. मांडवाच्या कामालाही येत नाहीस, गोडाऊनमध्ये पडून असतोस. उन्हाळा आहे, थकवा येतो. पण तू रक्त कधी तपासलंस? रागावू नकोस. विचारते आहे फक्त. कार्डावर तुझं अक्षरही बारीक झालंय, पूर्वी तुझी एक ओळ माझ्या दोन ओळींची जागा खायची.

जाऊ दे. तू येतोयस. मला दुसरं काही सुचत नाही.

तुझी आक्का


बुधवार, ११ जून २०२५

सॅम्या,

हे पत्र मी टाकणार नाही. पण तुला खरं कुठेतरी सांगितल्याशिवाय पुढचं पत्र माझ्याने लिहवणार नाही, म्हणून लिहिते.

सोमवारी सकाळी भागवतचा फोन आला.  नुसता "ताई, ताई" करत होता. मग म्हणाला, "उघडलं दार येळंवर. जित्ता हाय." गोडाऊनमध्ये कनातींच्या गठ्ठ्यामागे तू जीव द्यायला निघाला होतास, तिथे तुला त्याने धरलं, आणि एका हाताने तुला धरून दुसऱ्या हाताने ११२ लावला. त्याने लावला, सॅम्या. ज्याने भाकरीवर हात ठेवला होता त्याने.

मी पोचले तेव्हा तू आत होतास आणि तो दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. त्याच्या हातावर तुझ्या नखांचे ओरखडे. मला बघून उठलासुद्धा नाही. "म्या शब्द मोडला. पोलीस मीच बोलिवले. त्यानं माझ्याकडं असं बघितलं न्हाई अजून, पन बघनार हाय." मी विचारलं, गुन्हा वगैरे नोंदवला का? म्हणाला, "न्हाई. त्ये साहेब म्हनले, आता आशा मानसावर गुन्हा धरत न्हाईत, आदी उपचार." तेवढं बरं आहे. आईच्या वेळी तेवढंही नव्हतं.

डॉक्टरीण बाई त्याच होत्या. तातडीचे उपचार त्यांनी सुरू केले होते, पण पुढे ठेवून घ्यायला प्रतिनिधीची सही पाहिजे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग कागदाकडे. मी बाजूला झाले. म्हटलं, मी नाही, हे आहेत. भागवतने पेन धरलं आणि खाली ठेवलं. पुन्हा धरलं. "ताई, तुमीच करा ना," म्हणाला, लहान पोरासारखं. मला करता आली असती तर मी कधीच केली असती रे. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्याने सही केली आणि बाहेर जाऊन नळाखाली हात धूत बसला.

काल दुपारी तू जरा शुद्धीवर आलास आणि डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारलास, पोलीस कुणी बोलावले? त्या बाहेर येऊन आम्हाला म्हणाल्या, "मी त्यांना सांगितलं की ते तुमच्या माणसांनाच विचारा. मी खोटं सांगणार नाही. पण त्यांच्यापाशी आत्ता विश्वासाचं एक तरी माणूस असायला हवं, ते जपा."

विश्वासाचं एक माणूस. ते बाकावर बसलं होतं, टोपी कुस्करत. "त्याला कळलं तर त्यो मला बी सोडंल," भागवत म्हणाला. "मंग जाईल कुठं, ताई?"

कुठे जाशील ते मला माहीत आहे. गेल्या वर्षी तू सुटलास तेव्हा त्याच्याकडे जाण्याआधीचे दिवस तू दौंडच्या फलाटावर काढलेस, पायाला पोत्याची फडकी बांधून, हे भागवतने मला नंतर सांगितलं. तेव्हा निदान तुला त्याचं दार माहीत होतं, म्हणून तू त्या दारात गेलास. आता तेही गेलं तर कुणाच्या दारात जाशील?

मी त्याला म्हटलं, "तू काही बोलू नकोस. तुला खोटं जमत नाही. फक्त मान खाली घालून बस. मी लिहिते."

"काय लिव्हनार?"

"की मी बोलावले."

तो नको नको म्हणत होता. पापाचं वझं तुमच्या डोक्यावर कसं दिऊ म्हणाला. मी म्हटलं, तुला दुसरा काही उपाय सुचत असेल तर सांग. त्याला सुचला नाही. दाजींनाही सुचला नाही. दाजी घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "मरिया, तो लग्नाला यायचा होता." मला माहीत आहे तो लग्नाला यायचा होता. माझ्यापेक्षा ते जास्त कुणाला माहीत आहे?

एकदा टाकलेल्या बहिणीला दुसऱ्यांदा टाकायला तुला फार जड जाणार नाही. भागवतला टाकणं तुला जमलं असतं आणि तू त्यात संपला असतास. हिशेब सोपा आहे, पण मला फार रडू येतंय, सॅम्या. तुझं कार्ड आलं त्या दिवसापासून मी मनात रोज तुला वाढत होते. तू येशील, ओसरीत बसशील, पोरींना झापशील. एकदा तरी आपण दोघं एका ताटाला बसू, एवढंच मला पाहिजे होतं आणि ते मीच माझ्या हाताने काढून घेते आहे. देवबापाला मी विचारलं की दुसरी काही वाट आहे का. 

आणि खोटं लिहायला मला सराव आहेच. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की चाचणी परीक्षांमुळे मला दवाखान्यात येणं जमलं नाही. मी दर रविवारी येत होते. तू मला भेटायचं नाही म्हणून सांगितलं होतंस आणि त्या बाई म्हणाल्या, तो पेशंटचा हक्क आहे, मी त्यांना जबरदस्ती करू शकत नाही. मी डबा आत पाठवायचे आणि सांगायचे, घरचा आहे म्हणू नका. आवारात कडुनिंबाखाली बसायचे, तुमच्या वॉर्डाची खिडकी दिसायची तिथून. एकदा तू गात होतास. खाली ऐकू येत होतं. मी शेवटची गाडी चुकवली त्या दिवशी.

आता दुसरा कागद घेते.


रविवार, १५ जून २०२५

चि. सॅमसन यास, सलाम.

तू डॉक्टरांना विचारलंस की पोलीस कुणी बोलावले. मी बोलावले.

भागवतचा मला फोन आला तो फक्त रडण्यासाठी. तो तुला घरीच सांभाळणार होता, पोलीस नको, दवाखाना नको, त्याने मला तसं बजावून सांगितलं. मी त्याचं ऐकलं नाही. मी इथून ११२ लावला आणि कर्जतचा पत्ता दिला. सही त्याची लागते म्हणून मी दवाखान्यात त्याला दटावून आणलं. तो पेन खाली ठेवत होता, मी पुन्हा हातात दिलं. तो पेन खाली ठेवत होता हे तिथल्या बाईंनीही बघितलं आहे. माझ्यापुढे कुणाचं काही चालत नाही, हे तुला माहीतच आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. तसं केलं. मला त्याचं काही वाटत नाही.

जास्मिनच्या लग्नाचं तू मनावर घेऊ नकोस. हळदीला दाजींचा चुलतभाऊ उभा राहील. पत्रंही आता मी लिहिणार नाही, तुला त्रास नको.

भागवत रोज येऊन खाली बसतो आहे. त्याला वर बोलाव. तो तुझ्याकडे बघायला घाबरतो, त्याला वाटतं की तो तुला माझ्यापासून वाचवू शकला नाही. त्याच्या हातचं जेव, तो म्हणेल तेव्हा गोळी घे, आणि सुटलास की त्याच्याच घरी जा.

त्याने तुला दिलेला शब्द मोडला नाही. मोडला तो मी. राग धरायचा तर माझ्यावर धर.

मरिया